कारखाना आमच्या गावात, किल्ली कुणाच्या हातात?

गेल्या उन्हाळ्यात सांगलीतील एका वाचनालयात जिल्ह्याच्या औद्योगिक विकासावर बोलण्याचा प्रसंग आला. भाषण संपल्यावर एक तरुण अभियंता उठला. काही वर्षे अमेरिकेत राहून तो परत आलेला होता. त्याने वहीतले एक कोष्टक वाचून दाखवले. न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, डेट्रॉइट, पिट्सबर्ग अशी शहरे आणि त्यांच्यापुढे अर्थबळ, अभियांत्रिकी व कारखानदारी असे तीन रकाने. प्रत्येक रकान्यात गुण. मग त्याने सरळ विचारले, “सर, याच कसोटीवर सातारा आणि सांगली यांत वरचढ कोण? आणि पुण्याच्या मानाने आपण कुठे?”

सभागृहात तत्काळ दोन तट पडले. साताऱ्याहून आलेल्या मंडळींनी कूपरचे नाव घेतले. सांगलीकरांनी किर्लोस्करवाडी आणि वालचंद महाविद्यालय पुढे केले. कऱ्हाडच्या एका गृहस्थांनी ओगल्यांच्या कंदिलाची आठवण दिली. एक मिरजकर म्हणाले, “आमच्या तंबोऱ्यालाही गुण द्या.” हशा पिकला आणि सभा आनंदात संपली. मी मात्र अस्वस्थ होऊन घरी आलो. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता, आणि चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने तसे तेथे उठून सांगितले नव्हते. ती चूक दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे : एखाद्या शहरात किती माल तयार होतो, किती रुपयांची उलाढाल होते, यावरून त्या शहराचे बळ ठरत नाही. तेथला कारखाना, तेथले कौशल्य आणि तेथला नफा तेथेच राहावा की जावा, हे ठरविण्याचा अधिकार तेथल्या श्रमिकांकडे किती आहे, यावरून ते ठरते. या कसोटीवर सातारा व सांगली दोन्ही दुबळी आहेत. आणि या दुबळेपणाला केवळ भांडवलदार जबाबदार नाहीत, आपणही आहोत.

शहरांची उतरंड

शहरांना क्रमांक देण्याचा छंद आता सरकारलाही जडला आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १११ शहरांचा ‘राहणीमान सुलभता निर्देशांक’ जाहीर केला, त्यात पुणे पहिले आले. पुण्यात पेढे वाटले गेले असतील. परंतु पर्वतीच्या वा येरवड्याच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या मोलकरणीला आपण देशातील पहिल्या क्रमांकाच्या शहरात राहतो, याचा साक्षात्कार त्या दिवशी झाला असेल काय? सरासरी हे मोठे फसवे हत्यार आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली तेव्हा त्यांनी कुटुंब हा घटक धरला. घरात कमावते किती, ते काय काम करतात, मिळकत किती, असे त्यांचे प्रश्न होते. शहर म्हणजे उलाढालीचा आकडा नसून कुटुंबांचा समुदाय आहे, हे त्या पद्धतीतच गृहीत होते. आज आपण गाडगीळांचे नाव घेतो आणि मोजमाप मात्र दलालाच्या फूटपट्टीने करतो.

आता त्या अमेरिकन कोष्टकाकडे वळू. १९५० साली हे कोष्टक केले असते तर अभियांत्रिकीच्या रकान्यात डेट्रॉइटला कोणते गुण मिळाले असते? जगाला मोटार देणारे ते शहर, लोकसंख्या साडेअठरा लाख. २०२० च्या जनगणनेत ती सुमारे ६ लाख ४० हजारांवर आली होती. जुलै २०१३ मध्ये या शहराच्या पालिकेने सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्यातून मार्ग काढताना पालिकेच्या निवृत्त सेवकांच्या पेन्शनलाही कात्री लावली गेली. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. १९५० मध्ये तेथे पावणेसात लाख लोक होते; आज निम्म्याहूनही कमी उरले आहेत.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. जनरल मोटर्सचे मुख्य कार्यालय डेट्रॉइटमध्येच राहिले. शहराबाहेर, दक्षिणेकडच्या राज्यांत आणि परदेशात गेले ते कारखाने व नोकऱ्या. म्हणजे तेथे कचेरी राहिली आणि भट्टी गेली. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडले : भट्टी राहिली आणि कचेरी गेली. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. काय राहावे आणि काय जावे, हे त्या गावातल्या कामगाराला कोणी विचारले नाही. १९५० मध्ये डेट्रॉइटला गुण देणाऱ्या विद्वानाच्या कोष्टकात हा रकानाच नव्हता, म्हणून पुढचा विध्वंस त्याला दिसला नाही.

आमच्या दोन जिल्ह्यांची कथा

सातारा आणि सांगली यांची तुलना करणाऱ्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की १९४९ पर्यंत हा मुख्यतः एकच जिल्हा होता. ‘दक्षिण सातारा’ त्या साली वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. प्रतिसरकारच्या काळात कुंडल आणि कऱ्हाड यांच्यामध्ये जिल्ह्याची रेघ नव्हती.

या मुलखाने अभियांत्रिकीत जे केले ते लहान नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचे निवडुंगाने भरलेले माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांना दिले. लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखात लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचेची भट्टी पेटवली आणि ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात कारखाना काढला; तेथे नांगर झाले, पुढे डिझेल इंजिने झाली. मिरजेच्या शिकलगारांनी, तलवारी-भाल्यांची गरज सरल्यावर, तोच हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे वालचंद. १९६० मध्ये कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याच दशकात पाटण तालुक्यात कोयनेचे धरण पुरे झाले.

शाळा होती, वीज होती, लोखंडाची जाण होती, आणि ऊस पिकवून चार पैसे गाठीला बांधणारा शेतकरी होता. एवढे सारे एका खोऱ्यात असूनही पुढे काय झाले?

किर्लोस्करवाडीत पंप आजही बनतात, पण कंपनीचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. उद्योगसमूहाचा विस्तार तर १९४० च्या दशकातच हरिहर, बंगलोर आणि खडकीकडे झाला. ओगल्यांची भट्टी केव्हाच विझली. मात्र साताऱ्याच्या स्कूटर कारखान्याची कथा सर्वांत बोलकी आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

१९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ हे सरकारी महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४ टक्के. साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर बनू लागली. त्या काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, हे वाचकांतील ज्येष्ठांना आठवत असेल. पुढे गिअरच्या स्कूटरची मागणी आटली आणि २००६ मध्ये येथील स्कूटर-उत्पादन थांबले. आता, साध्या माणसाच्या समजुतीप्रमाणे, स्कूटर थांबली म्हणजे कंपनी बुडाली पाहिजे. पण ती बुडाली नाही. तिच्याकडे बजाज समूहातील कंपन्यांचे शेअर होते, त्यांवरील लाभांश हेच तिच्या उत्पन्नाचे मुख्य साधन झाले. महामंडळाने आपला २७ टक्के वाटा विकायला काढला, किमतीवरून लवाद झाला, न्यायालये झाली, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि जनतेच्या पैशाचा तो वाटा बजाज समूहाकडे गेला.

कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नसेल. प्रश्न कायद्याचा नाही. ज्या गावच्या विकासासाठी म्हणून सरकारी भांडवल घातले गेले, त्या गावात कामगारांची आळी रिकामी झाली आणि कंपनी मात्र भागभांडवलाची तिजोरी म्हणून जगली. या सबंध काळात साताऱ्याच्या नगरपालिकेला, जिल्हा परिषदेला किंवा कामगार संघटनेला कोणी विचारले काय, की महामंडळाचा वाटा विकावा की त्यातून साताऱ्यात दुसरे काही उभारावे? आणि आम्ही तरी तो प्रश्न घेऊन किती सभा घेतल्या?

वजाबाकी कोठे मांडली जाते?

माणसांचा हिशेबही असाच आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांनी. सातारा जिल्ह्याची वाढ ७ टक्क्यांच्या आत आणि सांगलीची सुमारे ९ टक्के. आमच्याकडे पाळणे एकदम थांबले होते असे नाही. वाढलेली मुले बाहेर गेली.

ती फार पूर्वीपासून जात आहेत. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत पाटण-जावळीचा माणूस राबला. ज्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित करून १९६९ चा कायदा मिळवला, ते पाटण तालुक्याचेच. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळत बसले आहेत. दुष्काळाने हाकलले म्हणून ते गेले. आज वालचंदचा आणि कऱ्हाडचा पदवीधर पुण्याला, बंगलोरला, आणि त्या वहीवाल्या तरुणासारखा अमेरिकेला जातो. त्याला वाढविण्याचा, शिकविण्याचा खर्च येथला. त्याच्या उमेदीच्या तीस वर्षांचे फळ मात्र दुसऱ्या शहराच्या रकान्यात. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा मुंबईच्या हिशेबातून वजा झालेला कामगार कोणत्या चुलीवर येऊन जेवला? साताऱ्याच्या आणि कोकणच्या खेड्यांत. मुंबईला गुण देणाऱ्यांनी ते जेवण कधी मोजले नाही.

विजेचेही तेच. कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट. त्या विजेवर मुंबई-पुण्याची यंत्रे फिरली. त्याच कृष्णा खोऱ्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण या तालुक्यांना पाणी उपसून द्यावे लागते. आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पंप वीजबिल थकले म्हणून बंद राहिल्याचे प्रसंग वारंवार आले. धरणासाठी घर सोडलेल्यांपैकी कित्येकांची दुसरी-तिसरी पिढी अजून पुनर्वसनासाठी धरणे धरते. साताऱ्यातच जन्मलेल्या वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातील विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा ठरविला. जिल्ह्याजिल्ह्यांतली तफावत आकड्यांनी मांडणारे ते मोठे काम होते. परंतु रस्ते, सिंचन, वीजजोड यांचा अनुशेष मोजता येतो. जिल्ह्यातून बाहेर गेलेल्या मालकीचा आणि कौशल्याचा अनुशेष मोजण्याचे काम तेव्हाही झाले नाही आणि नंतरही कोणी हाती घेतले नाही.

‘हे नैसर्गिकच आहे’

यावर माझे अर्थशास्त्रज्ञ मित्र म्हणतील : उद्योग उद्योगाजवळच जातो. जेथे सुटे भाग मिळतात, कुशल कामगार मिळतो, बँक आणि बाजार जवळ असतो, तेथेच नवा कारखाना निघतो. पुणे वाढले ते या नियमाने; त्यावर रागावून उपयोग काय?

हा नियम मी स्वतः वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला आहे आणि तो खोटा नाही. पण तो अर्धा आहे. पहिला कारखाना कोणत्या नियमाने निघतो? पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाला तो सरकारी निर्णयाने. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने जमिनी संपादन केल्या, पाणी आणले, रस्ते केले, आणि मग ‘नैसर्गिक’ वाढ झाली. कुंडलच्या माळावर तर सुटे भागही नव्हते आणि बाजारही नव्हता. एका संस्थानिकाच्या निर्णयाने तेथे कारखाना झाला. म्हणजे आरंभी राजकीय निर्णय असतो, निसर्गाचे नाव त्याला मागाहून चिकटवले जाते. आणि जे राजकीय निर्णयाने घडते, ते राजकीय लढ्याने बदलता येते.

दोन खोरी

आता आपल्या स्वतःच्या चुकीकडे येतो, कारण तिच्याशिवाय हा लेख केवळ कुरकुर ठरेल.

स्पेनच्या बास्क प्रांतात माँद्रागाँ नावाचे डोंगरी गाव आहे. १९४३ मध्ये तेथल्या एका पाद्र्याने कामगारांच्या मुलांसाठी तंत्रशाळा काढली. त्या शाळेतल्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये एक सहकारी कारखाना सुरू केला. कामगारच सभासद, प्रत्येकाला एक मत. मग दुसरा कारखाना, मग सहकारी पेढी, मग संशोधन संस्था. आज तेथील सहकारी समूहात सुमारे सत्तर हजार माणसे काम करतात. हा स्वर्ग नाही. सभासद नसलेल्या नोकरांचा प्रश्न तेथेही आहे. २०१३ मध्ये, म्हणजे डेट्रॉइट दिवाळखोरीत गेले त्याच साली, माँद्रागाँचा सर्वांत जुना, घरगुती उपकरणांचा कारखानाही बुडाला. पण तेथल्या बहुसंख्य सभासद-कामगारांना समूहातील दुसऱ्या संस्थांनी काम दिले किंवा मुदतपूर्व निवृत्तीचा आधार दिला. दोन्हीकडे कारखाने बुडाले. माणसे मात्र सारखी बुडाली नाहीत.

सांगलीच्या महाविद्यालयाचे साल आहे १९४७. पुढच्या दशकात आपल्याकडे सहकारी साखर कारखानदारी उभी राहू लागली. म्हणजे तंत्रशाळा आणि सहकार हे दोन्ही आपल्याला माँद्रागाँच्याच सुमारास मिळाले. आपण त्यांची गाठ घातली नाही. आपल्याकडे ऊस सहकारात आला, यंत्र आले नाही. सहकाराचा सभासद झाला तो उसाचा मालक. कारखान्यातला फिटर, टर्नर आणि फडातला तोडणी कामगार बाहेरच राहिला. १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा साखरसम्राट आणि अभियांत्रिकी यांची एकदाची भेट झाली खरी, पण ती शुल्काच्या खिडकीवर! कारखाना काढण्याऐवजी पदव्यांचे गाळप सुरू झाले. आणि ज्या सहकारी साखर कारखान्याचा सांगलीला एके काळी अभिमान होता, तोही गेल्या दशकात भाडेकराराने खासगी कंपनीकडे गेला.

आणि आपण, समाजवादी म्हणविणारे? लोहियांनी १९५२ मध्ये पंचमढीला लहान यंत्राचा विचार मांडला. तो आपण अभ्यासवर्गात शिकवला, कार्यशाळेत नेला नाही. आपण उसाच्या दरासाठी लढलो, धरणग्रस्तांसाठी लढलो, दुष्काळात मोर्चे काढले. ते सारे योग्यच होते. परंतु लेथच्या मालकीचा प्रश्न आपण कधी विचारला नाही. मोठा कारखाना आणा, एवढीच आपलीही मागणी राहिली. मोठा कारखाना आला, मोठा कारखाना गेला, आणि आपण स्थानकावर उभ्या असलेल्या माणसासारखे दोन्ही वेळा हात हलवत राहिलो.

मग करायचे काय?

पहिले काम मोजणीचे. मिरज, कुपवाड, सातारा, कऱ्हाड येथील औद्योगिक वसाहतींत कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन पाहणी करावी. युनिट कोणाचे, काम कायम की कंत्राटी, माल कोणाला जातो, दर कोण ठरवतो, पैसे किती दिवसांनी मिळतात. लहान उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळालेच पाहिजेत असे २००६ चा कायदा सांगतो. पुण्याच्या बड्या कंपन्यांचे जॉबवर्क करणाऱ्या आमच्या छोट्या कारखानदाराला तो कायदा वापरण्याची हिंमत होते काय, हेही विचारावे. हा छोटा मालक आणि त्याचा कामगार यांच्यात झगडा आहेच, पण दोघांच्याही मानेवर एक तिसरा हात आहे.

दुसरे, साखर कारखान्यांना दर वर्षी रोलर, गिअर, साखळ्या, पंपांचे सुटे भाग लागतात. बिगर हंगामात दुरुस्तीचे मोठे काम निघते. दोन्ही जिल्ह्यांतील सहकारी कारखान्यांनी आपली ही मागणी एकत्र करावी आणि तिचा ठराविक हिस्सा कामगारांच्या सहकारी कार्यशाळांना राखून ठेवावा. आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये या कार्यशाळांना जोडावीत. सभासदांच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरे, जलविद्युत प्रकल्पांतील एक टक्का वीज स्थानिक विकासासाठी द्यावी, हे तत्त्व केंद्राच्या २००८ च्या धोरणात नव्या प्रकल्पांसाठी आले आहे. तेच तत्त्व कोयनेला लावा. ती वीज धरणग्रस्तांच्या गावांना आणि दुष्काळी तालुक्यांच्या उपसा योजनांना द्या, अशी मागणी सातारा व सांगली यांनी मिळून करावी.

चौथे, जेथे जेथे सरकारी जमीन वा भांडवल कोणत्याही उद्योगात गुंतले आहे, तेथे ते विकण्यापूर्वी त्या जिल्ह्यात जाहीर सुनावणी झालीच पाहिजे. साताऱ्याच्या स्कूटरची कथा पुन्हा घडता कामा नये.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही, हे मला ठाऊक आहे. पण या चारही मागण्या किल्लीच्या आहेत, कुलपाच्या रंगाच्या नाहीत.

त्या तरुण अभियंत्याचा पत्ता मी मिळवला आहे. त्याला लिहिले आहे की आपल्या कोष्टकात आणखी एक रकाना वाढव : ‘कारखाना बंद करण्याचा निर्णय कोण घेतो?’ अमेरिकेतील शहरांपुढे तो भरून पाहा, मग पुण्यापुढे, मग सातारा आणि सांगलीपुढे. तो रकाना भरला की आपल्या दोन गावांतले भांडण आपोआप मिटेल, कारण दोघांच्या पुढे एकच उत्तर येईल. त्याच पत्रात, येत्या पावसाळ्यानंतर कुपवाडच्या पाहणीला आमच्याबरोबर ये, असेही कळवले आहे. अभियंत्याची आम्हांला गरज आहे. वाचकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनीही यावे. वही-पेन्सिल घेऊन यावे, भाषण घेऊन येऊ नये.